शेवरीच्या थांब्याची चोरी

१

सोमवारी सकाळी नगरपालिकेचं दार उघडतंय न उघडतंय तोच डेनिया मास्तरीणबाई आत घुसल्या आणि रस्ते विभागाच्या टेबलावर त्यांनी बासष्ट सह्यांचा कागद आपटला.

"तिसरा अर्ज आहे हा," त्या म्हणाल्या. "शेवरीच्या थांब्यावर आम्हाला शेड हवीय. माझी शाळेतली पोरं भिजतात, म्हातारी माणसं दवाखान्याच्या बससाठी तासतासभर चिखलात उभी राहतात. आणि तुमचं उत्तर दरवेळी एकच. काय, तर शेड आहे! कुठंय? दाखवा मला. नाहीतर सगळी शाळा उद्या ह्या ऑफिसात आणून बसवते."

ओल्देमार इंजिनिअरांना राजधानीतून, सान होसेहून बदलून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी शांतपणे रस्त्यांची नोंदवही उघडली. सान्ता रुफिनाच्या हद्दीतली प्रत्येक मोरी, प्रत्येक कठडा, प्रत्येक पाटी त्या वहीत होती. नोंद दोनशे चौदा: शेवरीचा थांबा. शाळेपासून चारशे मीटर. सिमेंटचं बाकडं, चार खांब, पत्र्याचं छप्पर. स्थिती: चांगली. सोबत ह्याच फेब्रुवारीतला फोटो. त्यात निळी, नुकती रंगवलेली, नव्या नवरीसारखी नटलेली शेड.

"बाई, ही पाहा की!"

"फोटोखाली उभं राहू होय?" डेनियाबाई म्हणाल्या.

दुपारी इंजिनिअर स्वतः अंतर मोजायचं चाक घेऊन थांबा होता त्या सेइबा गावात गेले. बस थांबते त्या जागी त्यांना कमरेएवढं गवत मिळालं. ना खांब, ना बाकडं, ना पत्र्याचा तुकडा. परत आले ते लालबुंद होऊन.

"सहा महिन्यांत अख्खी शेड चोरीला गेली, आणि कुणाला पत्ता नाही!" त्यांनी निरीक्षक यादिरा बाईंना बोलावलं. "फेब्रुवारीत तपासणी कुणी केली?"

यादिराला उत्तर माहीत होतं, तरी तिनं वही पाहिली. सही मुकादमांची होती. सगळे मानानं 'डॉन' म्हणत ते एलिएसेर किरोस, छत्तीस वर्षांची नोकरी.

"शुक्रवारी कौन्सिलची बैठक आहे. तोवर चोर सापडला तर ठीक. नाहीतर मुकादमानं खोटी सही केली असं लिहून त्याला घरी पाठवावं लागेल."

चौदा वर्षांपूर्वी यादिरा ह्या खात्यात आली तेव्हा तिला रस्ता वाचायला शिकवला तो ह्याच माणसानं. मोरीवर टाच आपटून आतली पोकळी कशी ऐकायची, डांबराला भेग का पडली हे तिच्या वळणावरून कसं ओळखायचं, सगळं त्यांचं देणं. मापात तर त्यांची कधी वीतभर चूक झाली नव्हती. असा माणूस खोटं लिहील?

ती त्यांना शोधत गेली. ते बाजाराजवळ खड्डा भरून घेत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी फावडं टेकवलं, कपाळ पुसलं.

"मी पाहिलं ते लिहिलं," ते म्हणाले. "त्याहून जास्त विचारू नकोस, पोरी."

आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

२

सेइबा गावात दुकान एकच, डोन्या मिरेयाचं, म्हणजे मिरेयाबाईंचं. यादिरानं गुळाचं गरम पाणी मागवलं आणि फळीवर कोपर टेकून विषय काढला.

"डोन्या मिरेया, तुमच्या शेवरीच्या थांब्याची शेड कुठं गेली हो?"

"कुठं जाणारे? आहे तिथंच आहे."

यादिरा मनात हसली. आपल्याकडची ही खोडच आहे. शेवरीचं झाड पडून तीस वर्षं झाली, पण पत्ता सांगताना आजही लोक 'शेवरीखाली' म्हणतात. टपाल कचेरी जळून गेली, तरी 'टपालापासून दोन घरं' चालूच आहे. तिच्या स्वतःच्या घराचा पत्ता एका अशा बेकरीवरून सांगितला जायचा, जिचा पाव तिनं जन्मात खाल्ला नव्हता. असल्या माणसांना 'अमुक कुठं आहे' विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिनं ते उत्तर सोडून दिलं.

"अलीकडे कुणी पत्रे, खांब नेताना दिसलं का?"

"पत्रे म्हणाल तर चेपे भंगारवाला. मार्चमध्ये गाडीभर नेले त्यानं." मिरेयानं डोळे बारीक केले. "पण तुम्ही एलिएसेरला का नाही विचारत? तो दर जानेवारीला माझ्याकडून निळ्या रंगाचा डबा नेतो. घर तर त्याचं पांढरं आहे."

चेपे भंगारवाला यादिराला पाहूनच हात वर करून उभा राहिला.

"बाई, पत्रे नेले, कबूल! पण ते गावातल्या लालाच्या डुकरांच्या गोठ्याचे. हवं तर वास घेऊन पाहा, अजून येतो."

तिनं वास घेतला नाही, लांबूनच येत होता. शिवाय त्या पत्र्यांना रंगाचा कणही लागलेला नव्हता.

"आणि एक सांगू?" चेपे हात खाली करत म्हणाला. "मी नऊ वर्षं ह्या रस्त्यानं गाडी हाकतो. त्या थांब्यावर चोरण्यासारखं काही असतं, तर ते आधी मला दिसलं असतं."

नऊ वर्षं! मग फेब्रुवारीतल्या फोटोत होतं ते काय?

३

वॉल्तेर ड्रायव्हर बस उभी करून पायरीवर जेवत होता. डब्यात राजमा-भात आणि तळलेलं केळं होतं.

"तुमच्या बसनं शेडला धडक दिली, असं कुणी म्हणालं तर?" यादिरानं मुद्दामच विचारलं.

"धडक? अहो, गवताला कसली धडक! आठ वर्षं ह्या गाडीवर आहे मी. तिथं गवत, चिखल आणि डेनियाबाईंच्या शिव्या, एवढंच आहे." त्यानं केळ्याचा तुकडा तोंडात टाकला. "शेडची चौकशी करणारा तुमच्याआधी एकच भेटला होता."

"कोण?"

"नाव काय माहीत. सात वर्षं झाली. ऑक्टोबरातला रविवार, पाऊस असा की काच दिसेना. दोनच्या फेरीला एक माणूस उतरला. अंगात तिकडचं, न्यू जर्सीचं जाड जाकीट. मला म्हणाला, शेवरीचा थांबा हाच का? म्हटलं, हाच. म्हणाला, मग शेड कुठंय? मी आपली थट्टा केली. म्हटलं, शेड असती तर मीच नसतो का उतरलो!" वॉल्तेरनं डबा खाली ठेवला. "पाच वाजता परत आलो, तर तिथंच उभा. चिंब. तीन तास, बाई! चढला, शेवटच्या बाकावर बसला आणि शहर येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. तेव्हापासून ती थट्टा माझ्या मनाला लागून आहे."

"दिसायला कसा होता?"

"उंच. डावी भुवई मधोमध तुटलेली, जुन्या जखमेनं."

यादिराचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या भुवईकडे गेला.

ती जखम तिनं वाहताना पाहिली होती. शहरातल्या हायस्कुलात फुटबॉलच्या खांबावर डोकं आपटलं तेव्हा रुमाल दाबून धरणारी तीच होती. मिनोर किरोस. मुकादमांचा एकुलता एक मुलगा, अठरा वर्षांपूर्वी कामासाठी उत्तरेला, न्यू जर्सीला गेलेला. तिला तो आवडायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही, आणि एवढ्या वर्षांत ते कमीही झालं नव्हतं. तो एकदाही परत आला नाही असंच सगळे सांगायचे.

पण तो आला होता. तिच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर पावसात तीन तास उभा होता. ती तेव्हा घरी असणार, इस्त्री करत बसलेली.

४

बुधवारी दुपारी ऑफिस जेवायला गेलं आणि तिनं नऊ वर्षांचे फोटो टेबलावर मांडले.

आधी तिला वाटलं होतं, एकच जुना फोटो दरवर्षी चिकटवला असेल. पण तसं नव्हतं. एका फोटोत बाकड्यावर पिवळं कुत्रं झोपलं होतं, दुसऱ्यात वाळलेली पानं होती, तिसऱ्यात थर्मास. ऊन निराळं, गवत निराळं, रंग मात्र प्रत्येक वेळी ताजा. म्हणजे शेड खरोखर उभी होती, दरवर्षी. आणि ड्रायव्हर म्हणतो आठ वर्षं तिथं काही नाही. भंगारवाला म्हणतो नऊ. हे दोघं काही एकमेकांचे जावईबापू नव्हते, मिळून खोटं कशाला बोलतील? मुकादम तर खोटं बोलणारे नव्हतेच. सगळेच खरं बोलत असतील तर?

तिनं ह्या वर्षीचा फोटो भिंगाखाली धरला. शेड पाहणं सोडून तिनं रस्ता पाहिला, गुरूंनी शिकवला तसा. बाकड्यासमोरच्या डांबराला बारीक चौकटी-चौकटींच्या भेगा पडलेल्या होत्या. खात्यात त्याला मगरीची कातडी म्हणतात. रस्ता वर्षानुवर्षं बेवारस पडला की अशी कातडी येते. पण सेइबाच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी नवा थर टाकला होता. ती स्वतः रोलरमागून चालली होती. त्यावर एवढ्या भेगा पडणं शक्यच नव्हतं!

तिनं इंजिनिअरांची टिपणं ओढली. चाकानं मोजलेलं अंतर, शाळेपासून बस थांबते तिथवर: दोनशे साठ मीटर. वहीत चारशे. इंजिनिअरांनी शेजारी लिहिलं होतं, 'मुकादमाचं मापही चुकीचं.'

त्यांचं माप? कधीच नाही!

मग मधले एकशेचाळीस मीटर गेले कुठं? थांब्याचा चोर शोधत ती तीन दिवस हिंडली होती, आणि इथं तर रस्ताच नाहीसा झाला होता.

ती जुन्या नकाशांच्या कपाटाकडे जवळजवळ धावलीच. तळाच्या गुंडाळीत ते सापडलं. सोळा वर्षांपूर्वी, ती नोकरीला लागण्याच्या दोन वर्षं आधी, सेइबाचा रस्ता सरळ केला होता. पूर्वी तो शेवरीच्या बुंध्याला वळसा घालून जायचा. नव्या रस्त्यानं तो वळसा तोडून टाकला. कामावरचा मुकादम: एलिएसेर किरोस.

शेड कुणी हलवलीच नव्हती. रस्ता तिला सोडून गेला होता. बस नव्या रस्त्यावर थांबू लागली आणि लोकांनी आपल्या सवयीनं 'शेवरीचा थांबा' हे नाव उचलून तिथं नेलं. नाव बसबरोबर गेलं, वस्तू होती तिथं राहिली. मिरेयाबाईंनी पहिल्याच वाक्यात खरं ते सांगितलं होतं आणि यादिरानं ते आपल्या लोकांची बोलायची पद्धत म्हणून कानाआड केलं होतं. ही चूक परमुलखातल्या कुणाच्या हातून झालीच नसती.

आता चोरीचं कोडं सुटलं होतं. पण त्या रविवारी दुपारी दोन वाजता मुकादम कुठं होते, हे तिला विचारायचं होतं, आणि उत्तराची भीती वाटत होती.

५

नव्या रस्त्यावरून तो वळसा दिसतच नव्हता. दोन्ही तोंडांवर मातीचा उंच भराव होता आणि त्यावर गवत माजलेलं. गुरुवारी यादिरा कॉफीच्या मळ्यातल्या पायवाटेनं मागून शिरली. झाडी संपली आणि समोर निळी शेड उभी राहिली, झाडलेली, पुसलेली. बाकड्यावर मुकादम बसले होते.

"आलीस," ते म्हणाले. "मला वाटलं होतं उद्यापर्यंत लागेल."

ती शेजारी बसली. त्यांनी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिला दिली.

"हे सरळ सांगून टाकायचं ना, डॉन एलिएसेर! उद्या नोकरी जाईल तुमची."

"सांगितलं की नोंद खोडतील. नोंद खोडली की हा पट्टा रस्ता राहत नाही. मळेवाला चार वर्षं टपून बसलाय, दुसऱ्या दिवशी कॉफी लावेल इथं." ते समोरच्या फुटक्या डांबराकडे पाहत राहिले. "मिनोर इथून बसला होता. मी त्याला जाऊ नको म्हणत होतो. पुढच्या वर्षी त्याची आई गेली, त्याच्याकडे तिथं राहण्याचे कागद नव्हते, येता आलं नाही. मी त्याला फोनवर नको ते बोललो. तोंड दाखवू नकोस म्हणालो."

"आणि सात वर्षांपूर्वी?"

त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हे तिला कसं कळलं, हे मात्र विचारलं नाही.

"त्याला कागद मिळाले होते. क्लेमेंसियाकडे, माझ्या बहिणीकडे निरोप आला. रविवारी दोनच्या बसनं येतो. बाबांनी माफ केलं असेल तर शेवरीच्या थांब्यावर यावं. ते तिथं नसले तर मी तसाच परत जाईन." त्यांनी बाकड्यावर हात टेकला. "सकाळी नऊपासून इथं बसलो, पोरी. आमचा थांबा हाच होता; बसमधून उतरून तो इथंच येणार असं धरून चाललो होतो. नवा शर्ट घालून. अंधार पडेपर्यंत. आला नाही. वर क्लेमेंसियाला सांगतो, मी थांबलो होतो, बाबाच आले नाहीत! मी म्हटलं, खोटारडा. त्यानंतर त्याचं नावही काढलं नाही. पण दर रविवारी येतो इथं. न येऊन करू काय?"

यादिरानं झाकण खाली ठेवलं. तिला वाटलं, हे आपण सांगू नये. मग वाटलं, आपल्याशिवाय सांगणार कोण.

"तो खोटं बोलला नाही. तो बस थांबते तिथं उतरला. वॉल्तेरला विचारलं, शेवरीचा थांबा हाच का, आणि तो हो म्हणाला. इथं सगळेच तसं म्हणतात. दोनपासून पाचपर्यंत तो तिथं पावसात उभा होता."



"त्याला वळसा ठाऊक होता," मुकादम म्हणाले. "लहानपणापासून ठाऊक होता."

"भरावाआड काय दिसणार? त्याला वाटलं असेल, झाडासारखी शेडही गेली."

"मी हाक ऐकली असती."

"पत्र्यावर पाऊस होता, डॉन एलिएसेर."

"किती अंतर आहे?" त्यांनी विचारलं, आणि तिला कळलं की त्यांना मापच हवंय.

"सरळ रेषेत सत्तर मीटर."

"भराव मी टाकला," ते म्हणाले. "लोक कचरा आणून टाकायचे म्हणून." आणि मग छत्तीस वर्षं लोकांचे रस्ते नीट ठेवणारा तो माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. यादिराही रडली. तिचं कारण तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

६

शुक्रवारी कौन्सिलपुढे मुकादम स्वतः उभे राहिले. चोरी झालेली नाही, म्हणाले. शेड जागेवर आहे, स्थिती चांगली आहे, फक्त ती जागा आता कुणाच्या वाटेवर नाही. हे मला ठाऊक होतं आणि मी लिहिलं नाही. त्यामुळे बासष्ट माणसं भिजली. नोंद खोडा, पट्टा सोडा, शेड मी स्वतः बस थांबते तिथं बसवून देतो.

"साहेब, तुमचं चाक बरोबर होतं," ते ओल्देमारना म्हणाले. "माझंही होतं. रस्ते दोन होते."

इंजिनिअर ओशाळले. मुकादमांना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. डेनियाबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मला सेकंडहँड शेड देणार?"

"रंग नवा आहे, बाई," मुकादम म्हणाले.

शनिवारी सकाळी माणसं कामाला लागली. पत्रे उतरले, खांब सुटले. बाकडं आठ जणांनी उचललं. मुकादम शेवटपर्यंत जुन्या जागेवर उभे होते. मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून यादिराला दिली. क्लेमेंसियाच्या अक्षरातला नंबर होता.

"माझी बोटं चालत नाहीत आज. तू लाव."

तिनं लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. मग आवाज आला, जाडसर, थकलेला, आणि तरी तोच. "कोण?" तिला खूप काही बोलावंसं वाटलं. अठरा वर्षांचं होतं ते. "तुमचे बाबा बोलतायत," एवढंच ती म्हणाली आणि फोन त्यांच्या हातात दिला. पण ती बाजूला गेली नाही, तिला जाववलं नाही.

"मिनोर," मुकादम म्हणाले.

"तुम्ही आला नाहीत त्या दिवशी," तिकडून उत्तर आलं.

"आलो होतो. तूही आला होतास. मला परवा कळलं." त्यांनी मोठा श्वास घेतला. "आम्ही रस्ता हलवला होता, बाळा. मीच हलवला."

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. वळसा, भराव, पत्र्यावरचा पाऊस, सत्तर मीटर. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसासारखं सांगितलं, डावीकडे काय आणि उजवीकडे काय ते. तिकडून मधूनच श्वास ऐकू येत होता.

"डिसेंबरात सुट्टी आहे मला," मिनोर अखेर म्हणाला. "पण बाबा, आता मी उतरू कुठं?"

मुकादमांनी सुटे खांब पाहिले, पलीकडचा नवा रस्ता पाहिला.

"कुठंही उतर," ते म्हणाले. "मी तिथं येतो."